जाते म्हणणारी

तुम्ही शब्द फिरवलात. दाराशी बसून माणसं आतबाहेर सोडण्याचा मक्ता तुम्हाला कुणी दिला ठाऊक नाही, पण तो घेऊन तुम्ही लबाडी केलीत, आणि हे तुमच्या तोंडावर सांगायला मी भीत नाही. ती काय म्हणाली ते तुम्ही नीट ऐकलं होतंत. बहिरे तुम्ही नाही. बहिरे असता तर घरोघरची माणसं तुमच्या धाकानं जीभ सांभाळून बोलली नसती, जायचं असताना 'येतो' म्हणाली नसती. एवढ्या पिढ्यांनी तुमच्यासाठी एक साधं सरळ क्रियापद उलटं घालून घेतलं, आणि बदल्यात तुम्ही द्यायचं होतं ते काय? जी 'येते' म्हणेल तिला परत सोडायचं. बस. तेवढंही तुमच्याच्यानं झालं नाही.

हे तो मोठ्यानं बोलला नाही. मोठ्यानं बोलायची सोयच नव्हती, कारण समोर चार बोटांवर मायक्रोफोन होता, कानांवर हेडफोन होते, आणि काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टबाईंना त्याचा आवंढासुद्धा ऐकू जात होता. पुस्तकं मोठ्यानं वाचायची हा त्याचा धंदा. लोक ती कानात घालून भांडी घासतात, गाड्या चालवतात, झोप येत नसली की उशाला घेतात. त्याला जन्मात भेटणार नाहीत अशा माणसांच्या स्वयंपाकघरात त्याचा आवाज रोज फिरून येतो. स्टुडिओतली सगळी मंडळी त्याला आवाजकाका म्हणतात आणि तोही ओ देतो. तर हा आवाजकाका आज सकाळी एका जाडजूड काळ्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीला अडखळला. अडखळला म्हणणंही खरं नाही. अडखळलेलं माणसाला कळतं. त्यानं ओळ सफाईनं वाचली, शेवटाला द्यायचा तो ठहराव दिला, पुस्तक मिटण्यासाठी बोटही सरकवलं. मग हेडफोनमध्ये खट्ट झालं आणि रेकॉर्डिस्टबाईंचा आवाज आला, "काका, शेवटचा शब्द चुकला. 'जाते' आहे तिथं."

"मग मी काय म्हटलं?"

"येते."

"छे. काहीतरीच काय."

बाईंनी वाद घातला नाही. वाद त्या कधीच घालत नाहीत, नुसतं बटण दाबतात. त्याच्या कानात त्याचाच आवाज आला, घोटीव, तयार, जरा जास्तच गहिवरलेला: *ठिणगी उंबऱ्यावर उभी राहिली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. ती फक्त म्हणाली, येते.* इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून शब्द गळाले होते, दोन ओळी एकमेकींत शिरल्या होत्या, एकदा तर खुन्याच्या ऐवजी त्यानं पोलिसालाच फासावर चढवलं होतं आणि दोघं पोट धरून हसले होते. पण छापलेला शब्द डोळ्यांना दिसत असताना तोंडानं दुसराच उच्चारावा आणि कानाला पत्ता लागू नये, हे नवीन होतं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.

"मागचं वाक्य ऐकवते, त्यावर चढा," बाई म्हणाल्या. मागचं वाक्य कानात संपताच तो पुढचं बोलत चढला. येते. पुन्हा चढला. येते. आता त्याला म्हणताना कळत होतं. ज ओठांपर्यंत यायचा, दातांमागं जीभ तयार व्हायची आणि ऐन वेळी कुणी हात धरून मागं ओढल्यासारखी ती सपाट पडायची. "काका, पाणी प्या," बाई म्हणाल्या. तो कोमट पाणी प्याला. "सफरचंद खा." तोंड कोरडं पडलं की शब्दांना चिकटून चटचट आवाज येतात, त्यावर हिरवं आंबट सफरचंद हा त्यांचा जुना इलाज. त्यानं फोड चावली. पोट गुरगुरू नये म्हणून मांडीवर धरायची उशी त्यानं छातीशी ओढून घेतली आणि पुन्हा म्हणाला, येते.

त्या कादंबरीत दोन शहरं होती. एकाच कापडाच्या दोन बाजू असाव्यात तशी पाठीला पाठ लावून पडलेली. वरचं ते सुलट, खालचं ते उलट. सुलटात दिवे, दुकानं, भांडणं, लग्नं. उलटात तेच रस्ते, तीच घरं, पण सगळ्यांच्या गाठी आणि लोंबते धागे दिसणारे, आणि हाडात शिरणारा गारठा. दोहोंच्या मध्ये एक दार आणि त्या दारावर बसलेला उंबऱ्या. उंबऱ्याला डोळे नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही. आहे तो एक भलामोठा कान. कोण आलं ते त्याला दिसत नाही. उंबऱ्यावर उभं राहून माणूस कुठला शब्द बोललं एवढंच तो ऐकतो आणि त्यावरून ठरवतो. ठिणगी ही जादूगारीण. मुठीत जाळ पेटवणारी, मेलेल्या झाडांना बोलतं करणारी, पण प्रत्येक मंत्रामागं तिच्या अंगातली थोडी ऊब कायमची जायची. शेवटाला ती इतकी गार होते की तिनं हात लावलेलं पाणी थिजतं, आणि सुलटातल्या लोकांना वाचवण्यासाठी ती उलटात उतरते. वाचायला घेतलं तेव्हा त्याला ते पुस्तक म्हणजे पोरखेळ वाटला होता. रक्त, राख, हाडांच्या कंदिलांचे मोर्चे. या वयात आपण हे काय वाचतोय असं मनात म्हणत त्यानं पहिला भाग उरकला. मग उलट-सुलट हे शब्द यायला लागले आणि तो सावकाश वाचू लागला. कारण ते शब्द त्याच्या घरचे होते.

त्याची बायको कपडे अल्टर करायची. शिवायची नाही, अल्टर करायची, आणि तो फरक कुणी विसरलं तर तिला खपायचं नाही. "नवीन कुणीही शिवेल," ती म्हणायची, "चुकलेलं दुरुस्त करायला अक्कल लागते." एका मोठ्या कापडदुकानाच्या तळघरात तिचं मशीन होतं. लोक बारीक व्हायचे, सुटायचे, नवऱ्याशी पटेनासं झालं की एकदम लाल रंगाचे झगे विकत घ्यायचे, आणि सगळे शेवटी तिच्यापुढं येऊन हात वर करून उभे राहायचे. कापड हातात आलं की ती आधी उलटं करायची. चार बोटांनी शिवण चाचपून म्हणायची, "वरून काय, सगळेच छान दिसतात." हे ती माणसांबद्दलही म्हणायची, त्याच्या तोंडावर, त्याच्या नातेवाइकांसमोर. ती त्याला अरेतुरे करायची आणि त्यावरून त्याच्या आईनं कितीतरी दिवस तोंड वाकडं केलं होतं. त्या आईचा धाक असा, की मुलगा 'जातो' म्हणाला तर ती जिन्यावरून परत बोलवायची आणि वाक्य दुरुस्त करून घेऊनच सोडायची. आणि अशा घरात ही बाई लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पर्स खांद्याला अडकवून, दारातून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "जाते."

तो धावत दारात आला होता. "अगं, येते म्हण."

"का? जातेय ना मी? दिसतंय ना तुला?"

"असं म्हणू नये."

"म्हटल्यानं काय होतं?"

काय होतं ते त्याला सांगता आलं नाही. सांगायचं तर तेच वाक्य तोंडातून काढावं लागलं असतं. तो नुसता बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची ती फजिती तिला एवढी आवडली की तिनं मग जन्मभर सोडली नाही. रोज सकाळी, रोज. जिन्याच्या वळणापर्यंत उतरायची, वर मान करून म्हणायची, जाते. हा वरून ओरडायचा, येते म्हण! ती आणखी चार पायऱ्या उतरायची आणि खालून गाण्याच्या चालीवर म्हणायची, जाते जाते जाते. शेजारच्या बाईंनी एकदा त्याला घाबरून विचारलं होतं, तुमच्यात रोज भांडण होतं का हो? आणि संध्याकाळी दाराला किल्ली लागायची. पुष्कळदा तोंडात टाचण्या तशाच धरून यायची, काम करता करता ओठात धरलेल्या आणि विसरलेल्या. टाचण्या असल्या की तिचा ज विरघळायचा. झाते, म्हणायची. मग टाचण्या तळहातावर काढून त्याच्या पुढ्यात धरायची आणि म्हणायची, "आले बघ. मेले का कुठं?" तो चिडायचा. खरंच चिडायचा. आता वाटतं, त्या चिडण्याइतकं सुखाचं काही त्याच्या वाट्याला दुसरं आलं नाही. मेंदूच्या कुठल्याशा मागच्या खोलीत एक माणूस दिवसभर तिच्यासाठी भीत बसलेला असायचा आणि संध्याकाळी किल्लीचा आवाज ऐकून तोच माणूस उठून अंग मोकळं करायचा. आता तो माणूस बसूनच आहे. ऊठ म्हणायलाही कुणी येत नाही.

"काका, बाहेर या जरा," बाई म्हणाल्या. स्टुडिओचं दार जाड, कडेनं रबराची पट्टी लावलेलं. उघडताना ते फुस्स असा श्वास सोडतं. तो आवाज त्याला एरवी ऐकूही येत नाही. आज आला, आणि तो दारातच थांबला.

कारण ऑपरेशन थिएटरच्या त्या दुसऱ्या दारालाही रबर होतं. दोन झडपांचं, हिरवट, मध्ये गोल काच. ती स्ट्रेचरवर होती. केसांवर कागदासारखी टोपी, आणि चष्मा काढून घेतलेला. चष्म्याशिवाय तिचा चेहरा त्यानं फक्त झोपेत पाहिला होता. जागा, उघडा, असा कधी नाही. ती डोळे बारीक करून चुकीच्या बाजूला बघत होती. "अरे, कुठंयस?"

"इथं. या बाजूला."

"आवाजावरनं कळलं. तुझा तेवढा एकच उपयोग." तिनं हात चाचपडत पुढं केला. त्यानं तो धरला. बोटांवर सुईनं पडलेले बारीक खडबडीत ठिपके तसेच होते. तिथल्या माणसानं स्ट्रेचर ढकलायला घेतलं, आणि त्या घटकेला त्याच्या मनात एकच होतं: आता ही म्हणेल, जाते. म्हणू दे. आज मी ओरडणार नाही. आज ते ऐकल्याशिवाय मला इथं उभंच राहता येणार नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला तो शब्द हवा होता. ती थोडी थांबली. तिला तो दिसत नव्हता, पण त्याच्या हाताला सुटलेला घाम लागला असणार. तिनं त्याचं बोट दाबलं आणि अगदी हळू, लहान मुलाची समजूत काढावी तशी म्हणाली, "येते हं."

फुस्स करून दार मिटलं.

तेव्हाच त्याला कळलं. डॉक्टर बाहेर यायच्या कितीतरी आधी. ती घाबरली होती, आणि घाबरलेली असूनही तिनं स्वतःचा शब्द बाजूला ठेवून त्याचा घेतला होता. जन्मभर पाळलेला हट्ट तिनं त्याच्यासाठी सोडला, आणि तोही कुणापुढं? दारावर बसलेल्या त्या कानापुढं. डॉक्टर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढून हळू आवाजात काय काय सांगायला लागले. तो म्हणाला, "ती येते म्हणाली होती." डॉक्टर म्हणाले, "आम्ही सगळे प्रयत्न केले." तो म्हणाला, "ते नाही विचारलं मी. ती येते म्हणाली होती." डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भला माणूस होता. पण त्याला वाटलं हा बावचळला, आणि नात्यातल्यांनाही तेच वाटलं, आणि तेव्हापासून त्यानं ते वाक्य कुणापुढं काढलं नाही. ते आतच राहिलं, शिवणीत मोडलेल्या सुईच्या टोकासारखं. वरून दिसत नाही. विशिष्ट बाजूला वळलं की लागतं.

घराचं दार तो नुसतं लोटून ठेवतो. वरची कडी लावत नाही. शेजारच्या बाई रागावतात, "अहो, कुणी घुसलं म्हणजे?" तो म्हणतो, "घुसू दे." हिवाळ्यात फटीतून वारा आत येतो आणि बैठकीची खोली गार पडते. तो शाल पांघरून तिथंच बसतो आणि उद्याची पानं वाचतो. बाहेर पडताना रिकाम्या घराला सांगतो, येतो.

रेकॉर्डिस्टबाईंनी त्याला खुर्ची दिली. चाळिशीच्या, बोलायला रोखठोक. त्याची बायको या स्टुडिओत यायची तेव्हा दोघींचं त्याच्याविरुद्ध जमायचं. आज त्यानं अंगात घातलेला सदरा बायकोनंच केलेला होता. बिनआवाजाचा सदरा. साधे कपडे वाचताना सळसळतात, गुंड्या टेबलाला लागून टकटक करतात, म्हणून तिनं जुन्या मऊ चादरीचा, गुंड्या नसलेला, शिवणी बाहेरच्या बाजूला असलेला सदरा करून दिला होता. "दिसतोय उलटा घातल्यासारखा," बाई तेव्हा हसल्या होत्या. ती म्हणाली होती, "त्याच्या अंगाला सुलट लागतोय ना? झालं तर. तुम्हाला कुठं दाखवायचाय." काखेत तो आता उसवला होता. त्याला स्वतःला टाका घालता आला असता, पण तिच्या टाक्याशेजारी आपला टाका घालायचा धीर होत नव्हता.

"काका," बाई म्हणाल्या, "उद्या घेऊ या. घाई नाही."

"उद्याही तेच होईल."

"मग लेखिकाबाईंना फोन लावू? शब्द बदलून देतील. तुमच्या आवाजावर जीव आहे त्यांचा."

त्यानं मान हलवली. खरं तर त्याच्यापुढं प्रश्न शब्द बदलण्याचा नव्हताच. ठिणगी गेली काय, राहिली काय. पण आपल्या तोंडानं, त्या उंबऱ्यावर, बाईचं क्रियापद लावून 'जाते' म्हणायचं म्हणजे बायकोच्या वतीनं निरोप घेणं होतं. ती जे म्हणाली नाही ते आपण म्हणायचं. आणि एकदा का ते ध्वनिमुद्रित झालं की तिचं 'येते' खोटं ठरलं, दार मिटलं, कडी लागली. ते तो करणार नव्हता.

लेखिका तरुण होती, भरभर बोलणारी. फोन टेबलावर ठेवून बाईंनी तिचा आवाज मोठा केला.

"सर! संपलं?"

"एका शब्दावर अडलंय. शेवटी ठिणगी 'जाते' म्हणते ना, तिथं 'येते' केलं तर?"

ती म्हणाली, "सर, मग कादंबरीच पडली हो. 'येते' म्हणणाऱ्याची सावली उंबऱ्या अडकवून ठेवतो, आठवतं ना? अर्धं माणूस इथं, अर्धं तिथं. मग दार मिटतच नाही. उलटातला गारठा सुलटात येत राहतो आणि मागं राहिलेले हळूहळू थिजतात. म्हणून तर ती मुद्दाम 'जाते' म्हणते. मागच्यांना सोडवायला."

"मागच्यांना विचारलं होतं का तिनं?"

"म्हणजे?"

"मागच्यांना ऊब हवी होती की दार उघडं हवं होतं, हे विचारलं होतं का कुणी?" आवाज त्याच्या मनात नसताना चढला. "तुम्ही लिहिणारी माणसं बसल्या जागी दारं लावता, उघडता. थंडीत बसणाऱ्याला थंडी नकोच असणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. मग लेखिका म्हणाली, आणि आता ती भरभर बोलत नव्हती, "नाही सर. ते मी लिहिलं नाही. सुचलंच नाही मला." आणि थोड्या वेळानं, "खरं सांगू? मी 'जाते' म्हणताना आयुष्यात कुणाला ऐकलेलंच नाही. आमच्या घरात कुणी म्हणतच नाही. सगळे येते, येतो. म्हणून तर तो शब्द घेतला. वाटलं, जे कुणीच म्हणत नाही तोच खरा मंत्र असणार. तो कसा ऐकू येतो ते मला माहीतच नाही. तुम्ही ऐकलाय कधी?"

फोनच्या काचेवर बोटांचे ठसे होते, त्यांच्याकडे तो बघत राहिला.

"ऐकलाय," तो म्हणाला. "रोज ऐकलाय."

"कसा असतो?"

कसा असतो. त्याला वाटलं होतं की हे आठवणं म्हणजे दुखरा दात जिभेनं ढकलणं. पण आठवलं ते सोपं निघालं. एक चप्पल पायात, एक सापडत नाहीये, तिच्यासाठी वाकलेली पाठ. खांद्यावरून घसरणारी पर्स. पाठमोरी हाक, मान न वळवता मागं फेकलेली, घराच्या किल्ल्या फेकाव्यात तशी. झेलणारा आहे याची खात्री असल्याशिवाय कुणी असं फेकत नाही. त्या शब्दात निरोप कुठं होता? निरोप घेणारी माणसं मऊ बोलतात. हं लावतात. ती त्या शब्दात नुसती त्याची खोड काढत होती, आणि खोड काढणारं माणूस परत येतंच; आल्याशिवाय त्याला मजा कशी कळणार? ही जगात एकच बाई अशी, की जिनं 'जाते' हा परत येण्याचा शब्द करून ठेवला होता. रोज वापरून वापरून, धुऊन धुऊन मऊ केलेला, शिवणी बाहेर असलेला शब्द. आणि तो आपण इतके दिवस उलटा धरून बसलो होतो.

"तसाच ठेवतो," तो फोनला म्हणाला. "वाचतो तुमचा शब्द. पण माझ्या पद्धतीनं वाचणार. नंतर बोंबलू नका."

"नाही बोंबलणार, सर."

आत गेल्यावर त्यानं उशी बाजूला ठेवली. पुस्तक उघडलं, पण त्याकडे बघितलं नाही. "मागचं वाक्य देते," बाई म्हणाल्या. कानात त्याचाच आवाज आला, आधीचा, गहिवरलेला: *तिनं मागं वळून पाहिलं नाही. ती फक्त म्हणाली*, आणि त्यावर चढून तो म्हणाला, "जाते."

काचेपलीकडे बाईंचा हात बटणाकडे निघाला होता, तो तसाच थांबला. त्यांनी तो शब्द पुन्हा लावला. मग पुन्हा. साठीच्या माणसाच्या घोगऱ्या आवाजात एक बाई जिना उतरत होती. ज जरासा विरघळलेला, ओठात टाचण्या असाव्यात तसा.

"काका," बाई म्हणाल्या, "ही तर भाजी आणायला निघाल्यासारखी वाटते."

"भाजीच आणायला निघालीय."

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी खुर्ची जरा वळवली आणि पाठ त्याच्याकडे केली. पुन्हा वळल्या तेव्हा डोळे पुसून झाले होते. "ठेवू?"

"ठेव."

"मग आता शेवटचं. खोलीची शांतता घेते. हलू नका, श्वाससुद्धा हळू."

हे ते प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी करतात. कुणी न बोलता, रिकाम्या खोलीचा आवाज थोडा वेळ मुद्रित करून ठेवायचा, म्हणजे पुढं वाक्यावाक्यांमधल्या भेगा बुजवायला उपयोगी पडतो. प्रत्येक शांतता सारखी नसते. दर खोलीची वेगळी असते, माणूस बसलेल्या खोलीची तर फारच वेगळी. त्यानं हात मांडीवर ठेवले. उसवलेल्या काखेतून थोडी हवा लागत होती. सदरा अजिबात वाजत नव्हता. लाल दिवा लागला.

हं. आता तुम्ही आणि मी.

तुमचा तो कान लावा नीट. इतके दिवस मी तुम्हाला शिव्या घातल्या त्या 'येते'साठी, आणि त्यातली एकही परत घेत नाही. पण मघाशी तुमच्या उंबऱ्यावर जो शब्द पडला, तो ओळखलात का? तो तिचा आहे. त्या शब्दावर ती कधी एका संध्याकाळीसुद्धा चुकली नाही. तुमचा ठरलेला शब्द तिनं एकदाच वापरला, तोही माझी समजूत काढायला, आणि तेवढ्यात तुम्ही दार मिटून घेतलंत. मग तुमचा कायदा तरी कुठला? 'येते' म्हणणारीला अडवता आणि 'जाते' म्हणणारीला सोडता, असं असेल तर तसं सांगा. आम्ही उद्यापासून सगळे तसं बोलू. तुम्हाला शब्दच कळत नसतील, तर दारावर बसलात कशाला? आणि शब्दाशी तुम्हाला काही देणंघेणंच नसेल, तर इतक्या आयांनी इतक्या मुलांना जिन्यावरून परत बोलावलं ते कुणासाठी? मला सबबी नकोत. प्रयत्न केले, हे मी एकदा ऐकलंय. घरचं दार मी आज संध्याकाळीही लोटूनच ठेवणार आहे, गारठा आला तर येऊ दे. आत्ता कुणी बोलत नाहीये. यंत्र चालू आहे, तुम्ही हळू बोललात तरी उमटेल. तिचा शब्द मी तुमच्यापर्यंत पोचवलाय.

बोला आता. कधी येते?